साबणाचं ताट

माझी पत्नी आयुष्यभर साबणाच्या वस्तू करत आली, आणि त्या सगळ्या लोकांच्या घरी गेल्या. हे मला कळलं ते ती गेल्यानंतर, तिच्या कपाटातला खालचा खण ओढला तेव्हा. खणात बारीक दातांची किसणी होती, जुन्या सुती साडीचे चौकोनी तुकडे होते, केसांच्या पिना, अर्धा मोडका कंगवा, प्लॅस्टिकच्या पिशव्या कापून धुऊन ठेवलेले तुकडे. आणि फडक्यात बांधलेला साबणाचा एक गोळा. फडकं एके काळी ओलं असणार. मी गाठ सोडली आणि गोळा हातातच फुटला, वाळलेल्या मातीसारखा. केलेली वस्तू एकही नव्हती. एक पाकळीसुद्धा नव्हती.

पत्नीचा उल्लेख मी कायम ‘ही’ असाच करत आलो. इथेही तसाच करतो. दुसरं काही लिहायला हात तयार होत नाही.

ही रुखवतं करायची. लग्नाच्या कार्यालयात एका बाजूला टेबल मांडून मुलीकडचे लोक शोभेच्या वस्तू ठेवतात, त्यात हिच्या साबणाच्या वस्तू असत. कुणी मोर सांगे, कुणी तुळशीवृंदावन. पण हिची खरी ओळख म्हणजे ताट. वीतभर केळीच्या पानावर अख्खं लग्नाचं जेवण वाढलेलं. भाताची मूद, तिच्यावरून ओघळणारं वरण, लिंबाची फोड, कोशिंबीर, अळूची भाजी, पुऱ्या, जिलबी, मठ्ठ्याची वाटी. पानही साबणाचं आणि मीठही साबणाचंच, आणि प्रत्येक पदार्थ पानात जिथे असायला हवा तिथेच. एका लग्नात मुलाकडच्या एका पाहुण्याने त्यातली जिलबी उचलून तोंडात टाकली होती. त्याची बायको जाब विचारायला आली, तर ही शांतपणे म्हणाली, “श्लोक म्हणायच्या आधी जेवायला सुरुवात केली की असंच होतं.”

या कामात मला प्रवेश नव्हता. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावरही वाचतच बसलो. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो की ही मान वर न करता म्हणे, “अहो, कडेकडेने जा. पाकळ्या वाळतायत.” मदत करू का, असं विचारलं तर म्हणे, “नको, तुम्ही वाचा. घरात एकाने तरी शिकलेलं असावं.”

मदतीला नात होती. मुलगा आणि सून दोघंही हिंजवडीला नोकरीला, आणि राहायला आमच्याच सोसायटीत, कोथरूडमध्ये, पलीकडच्या इमारतीत. नात शाळेतून थेट आमच्याकडे येई आणि संध्याकाळी आईबाप परत आले की घरी जाई. पहिलीत असल्यापासून ती आजीबरोबर साबण मळत होती. फरशीवर दोघी समोरासमोर आणि मधे पाट. सून एकदा म्हणाली होती की पोरीच्या वह्यांनाही साबणाचा वास येतो. “निदान वह्या तरी स्वच्छ आहेत,” ही म्हणाली.

ही उन्हाळ्यात गेली. आजारपण थोड्याच दिवसांचं होतं. त्याबद्दल मला लिहिता येत नाही.

खणात हिने केलेली एकही वस्तू निघाली नाही तेव्हा मी लोकांना फोन करायला सुरुवात केली. ज्यांच्या लग्नात हिचं ताट गेलं होतं अशी जेवढी घरं आठवली तेवढ्यांना. आयुष्यात मी एवढे फोन कधी केले नव्हते. काही जण सांत्वनाचं बोलले आणि ताटाबद्दल त्यांना काही सांगता आलं नाही. एकीने आईला विचारून कळवते म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही. एक बाई प्रामाणिक निघाल्या. म्हणाल्या, “ते ताट ना? फार सुंदर होतं हो. किती वर्षं शोकेसमध्ये होतं. मग करोनात हात धुवायला काढलं. तेव्हा साबण किती लागायचा, तुम्हाला माहितीय.” मी हो म्हणालो. त्या पुढे म्हणाल्या, “शेवटपर्यंत वास होता पण.”

त्या दुपारी मी पुस्तक उघडून बसलो आणि एका ओळीच्या पुढे गेलो नाही. वाचन सुटतं हे मी ऐकलं होतं, पण ते माझ्या बाबतीत होईल असं वाटलं नव्हतं. डोळ्यांसमोर अक्षरं असायची आणि मन सारखं एकाच गोष्टीकडे जायचं. ही पाकळी कशी करायची? एवढी वर्षं पलीकडच्या खोलीत ते काम चाललं होतं, आणि मला फक्त किसणीचा आवाज माहीत होता. फोटोत चेहरा होता. कपाटात साड्या होत्या. पण हिने हाताने जे केलं ते कुठेच नव्हतं, आणि ते मिळालं नाही तर ही पूर्णपणे जाईल, असं मला वाटायला लागलं. हे शहाणपणाचं नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं.

मुलगा म्हणाला, “बाबा, यूट्यूबवर सगळं आहे. साबणाचे गुलाब टाका, पन्नास व्हिडिओ येतील.”

“त्यात तुझ्या आईचा एक तरी आहे का?”

त्याने मोबाइल खिशात घातला. मग हळूच त्याने दुसरी गोष्ट सांगितली, जी सांगायलाच तो आला होता. कंपनी त्याला जर्मनीला पाठवत होती. सगळेच जाणार. दिवाळी झाली की.

हिचं काम आता एकाच माणसाला येत होतं, आणि ते माणूस चौथीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन पांढरे साबण घेऊन आलो. नात शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि पाटावर मांडलेली किसणी बघून दारातच उभी राहिली.

“हे कोण करणार?” तिने विचारलं.

“मी. तू शिकवायचं.”

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुम्हाला खाली बसता येतं का, आजोबा?”

मी बसलो. उठता येईल की नाही हा प्रश्न पुढचा होता.

पहिले दिवस चांगले गेले. तिला खूप माहीत होतं आणि शिकवायची हौस होती. साबण बारीक बाजूने किसायचा. पाणी ओतायचं नाही, इस्त्रीच्या कपड्यांवर मारतात तसं शिंपडायचं. कणकेसारखं मळायचं आणि ओल्या फडक्याखाली झाकायचं. हरभऱ्याएवढी गोळी घ्यायची, प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांत ठेवायची आणि अंगठ्याने कडेकडेने दाबत जायची, मधे जाड राहू द्यायची. माझ्या पाकळ्या फाटत.

“आजोबा, दाबायचं. तुम्ही मुंगी मारल्यासारखं करताय.”

“आजी काय म्हणायची?”

“आजी म्हणायची, साबणाला कळू द्यायचं नाही.”

हे वाक्य हिचंच होतं. तसं बोलणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. मी मान खाली घालून किसत राहिलो, कारण पोरीला माझा चेहरा दिसू नये असं वाटत होतं. त्या दिवसापासून मला थांबता आलं नाही. आजी कुठल्या हाताने दाबायची? मळताना काय बोलायची? रंग कधी घालायची, आधी की नंतर? गोळी फुटली तर काय करायची? रोज ती दारातून आत येई आणि तिने पाणी पिण्याआधी माझा पहिला प्रश्न तयार असे.

एकदा तिने सांगितलं की पाकळी झाली की आजी ती गालाला लावून बघायची. गार लागली तर ओली आहे, जरा थांबायचं. गार नाही लागली तर फुलाला लावायची. मी पाकळी गालाला लावली. ती गार लागली. नात संध्याकाळी घरी गेली तरी मी पाकळ्या करून गालाला लावत बसलो होतो. हिच्या गालाला लागायची तशीच पाकळी आपल्या गालाला लागते आहे, असं मनात येई, आणि मग उठून खिडकीशी जावं लागे.

आम्ही ताट करायला घेतलं. नात जर्मनीला जायच्या आत पुरं करायचं असं ठरवलं, म्हणजे मी ठरवलं. पावसाळा सुरू झाला होता आणि साबण वाळत नव्हता. मूद रोज थोडी बसत होती, पुऱ्यांना बोटांचे ठसे राहत होते. ऑगस्टमध्ये केव्हातरी मी विचारलं, “आजीची मूद अशी बसायची नाही. ती काहीतरी घालत असणार. आठव ना.”

नात बराच वेळ पाटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “दूध.”

“दूध?”

“थोडंसं. मळताना. मऊ होतं मग.”

मी फ्रिजमधून दूध आणलं. साबण खरोखरच मऊ झाला, लोण्यासारखा, आणि मी एवढा खूश झालो की आधी केलेले सगळे पदार्थ मोडून दुधात पुन्हा मळले. त्यानंतर रोज नवं काही मिळू लागलं. जिलबीला शेवटी फुंकर मारायची. पानाच्या शिरा काढताना श्वास रोखायचा. कोशिंबीर करताना बोलायचं नाही. मी सगळं तसंच करत होतो. श्वास रोखून पानाच्या शिरा काढणारा म्हातारा बघून तिला हसू येत असेल असं मला वाटे. पण ती हसत नसे. ती माझ्याकडे लक्ष ठेवून असे.

मग घरात वास येऊ लागला. मी आधी मोरी घासली. पायपुसणं बाहेर वाळत घातलं. फ्रिज रिकामा करून पुसला. ताटातल्या वरणावर पिवळी झाक आली होती, तर नात म्हणाली, “बघा, रंग आपोआप आला.” मलाही ते पटलं. मला त्या वेळी काहीही पटलं असतं.

वरच्या मजल्यावरच्या वहिनी एका दुपारी डबा परत द्यायला आल्या. लग्नसराईत त्या हिच्या मदतीला येत असत. दारातच त्यांनी पदर नाकाला लावला.

“भाऊजी, काय सडलंय?”

“काही नाही. मोरीचा असेल.”

त्या मोरीकडे गेल्याच नाहीत. सरळ पाटापाशी आल्या, मूद उचलली, हुंगली आणि खाली ठेवली. “यात काय घातलंत?”

“दूध. ही घालायची.”

“साबणात? का, खीर करायची होती का तिला?” मग माझ्याकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. “भाऊजी, तिने साबणात कधी दूध घातलं नाही. दुधात ती दशम्या मळायची. तुमचा मुलगा प्रवासाला निघाला की.”

मी विचारलं, “पाकळी ती गालाला लावून बघायची का?”

“ते मी कसं सांगू? मी आपली रंग कालवायला. पाकळ्या करताना ती भिंतीकडे तोंड करून बसायची. कुणाला बघू द्यायची नाही. पोरीलाच काय ते बसू द्यायची समोर.”

त्या गेल्यावर मी पाटासमोर बसलो. वास आता इतका स्पष्ट येत होता की एवढे दिवस तो मोरीचा कसा वाटला, हे मला कळेना. पोरीला काही विचारायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं. दुसऱ्या दिवशी ती आली, आणि मी विचारलं.

“वहिनी म्हणतात आजी दूध घालत नव्हती.”

तिने दप्तर काढलं नाही. पट्टे दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

“रागावलो नाही मी. फक्त सांग. फुंकर? श्वास रोखायचा ते?”

“तुम्ही रोज विचारता,” ती म्हणाली.

“हो.”

“मला आठवत होतं ते सांगितलं. मग ते संपलं. तरी तुम्ही विचारता. मग मी नवीन सांगितलं.”

“संपलं तर संपलं म्हणायचं बाळा.”

“मग तुम्ही आत जाऊन बसता. बाबा म्हणतो, आजोबांना आत बसू देऊ नकोस.”

मला तिथेच थांबायला हवं होतं. हे मला तेव्हाही दिसत होतं, जसं उतारावर ब्रेक न लागणाऱ्या गाडीतल्या माणसाला पुढचं वळण दिसतं. मी विचारलं, “आणि गालाचं?”

ती विचार करू लागली. खरोखर करू लागली, कपाळाला आठ्या घालून. “ते खरं असेल.”

“असेल?”

“मला आता कळत नाही, आजोबा. मी ते इतक्यांदा सांगितलंय ना, आता मला ते दिसतं. आजी बसलीय आणि गालाला लावतीय असं. पण आधी दिसायचं का ते नाही माहीत.” मग तिचा आवाज चिरकला. “आता परत विचारू नका.”

मी विचारलं नाही. मी तिला जवळ घेतलं, पण ती ताठ उभी राहिली, आणि संध्याकाळपर्यंत टीव्ही बघत बसली. मी आत जाऊन बसलो नाही. तिच्याशेजारी बसून मीही टीव्ही बघितला.

जे थोडंफार उरलं होतं ते तिच्यापाशी होतं, आणि ते मी विचारून विचारून संपवलं. ती लहान होती. तिच्या मनात आजी जशी होती तशी राहू दिली असती, तर कदाचित अजून काही वर्षं राहिली असती. आता तिच्या मनातल्या आजीच्या हातात दुधाचं भांडं होतं, आणि ते मी दिलेलं होतं.

ताट मी टाकून दिलं. सोसायटीत ओल्या कचऱ्यात काय टाकावं आणि सुक्यात काय टाकावं याची सविस्तर पाटी आहे, नारळाच्या करवंट्यांपर्यंत. साबणाचा वरणभात कुठे टाकावा हे तिच्यावर नाही. मी थोडा वेळ दोन डब्यांच्या मधे उभा राहिलो. मग ओल्यात टाकला, कारण ओला कचरा त्याच दिवशी उचलतात, आणि सुक्यात तो दुसऱ्या दिवसापर्यंत राहिला असता.

त्यानंतर आम्ही साबण मळला नाही. ती यायची, जेवायची, गृहपाठ करायची. सुनेने जर्मन भाषेचं एक ॲप तिच्या टॅबवर घालून दिलं होतं. ती मला फळांची नावं म्हणून दाखवायची आणि मी ती परत म्हणायचो. माझ्या उच्चारांना ती हसायची. त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती. ते दिवस आले आणि गेले, आणि त्यांच्या बॅगा भरून झाल्या. निघताना मुलाने वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ वर उठला नाही. नातीने गाडीच्या काचेतून हात हलवला. गाडी फाटकाबाहेर वळली तेव्हा ती पुढे बघत होती, आणि ते बरोबरच होतं. मुलांनी पुढेच बघायला हवं.

त्यांच्या मागे मी दुपारी काय केलं हे मला नीट सांगता येणार नाही. वेळ जात नव्हता असंही नाही. दुपार सुरू व्हायची आणि संपायची, आणि मधे मी कुठे होतो ते कळायचं नाही. खालचा खण मी उघडत नव्हतो. आंघोळीचा साबण बदलून बाटलीतला पातळ आणला. मुलगा रविवारी फोन करायचा, मी जेवलो का विचारायचा, आणि मी जेवलो म्हणायचो.

परवा फोन आला तो नातीचा. रविवार नव्हता. पडद्यावर तिचा चेहरा जवळून दिसत होता, केस कापलेले. वर्गात प्रत्येकाने आपल्या घरी करतात अशी एखादी वस्तू करून दाखवायची होती. तिने साबणाचं फूल सांगितलं होतं. फुलांमध्ये कमळ.

“आजोबा, मी किसलाय. मळलाय पण. पाकळ्या झाल्यात. आता आजी कमळ आतून लावत जायची का बाहेरून?”

“मला माहीत नाही ग.”

“थोडं पण नाही?”

“नाही.”

तिच्यामागे सून भांडी लावत होती, त्याचा आवाज येत होता. मला वाटलं ती आता फोन ठेवेल. पण ती तशीच बघत होती, वाट बघावी तशी.

“मग काहीतरी सांगा ना,” ती म्हणाली. “मी वर्गात सांगितलंय की आजीसारखं करणार.”

“आतून,” मी म्हणालो. “आधी मधली पाकळी. मग तिच्याभोवती.”

“नक्की?”

“हो.”

तिने मान हलवली आणि फोन ठेवला.

मी चपला घातल्या. मग दुकानात जाऊन पांढरा साबण आणला, खण उघडून किसणी काढली, पाट मांडला आणि खाली बसलो. किसला, शिंपडलं, मळला, पाकळ्या केल्या. एक कमळ आतून लावत गेलो. ते झालं. मग उरलेल्या साबणाचं दुसरं केलं, बाहेरून आत लावत गेलो. तेही झालं. दोन्ही पाटावर शेजारीशेजारी ठेवून मी पाहिली, चष्मा काढून पाहिली, घालून पाहिली. दोन्हींत काही फरक दिसत नाही. कमळ दोन्हीकडून होतं, आणि ही कुठून सुरुवात करायची हे कमळाकडे बघून कळत नाही.